दैव पाचवे

भगवद्गीतेच्या अठराव्या अध्यायात कोणत्याही कर्माच्या सिद्धीला पाच कारणे सांगितली आहेत : ज्या ठिकाणी ते घडते ते अधिष्ठान, जो ते घडवतो तो कर्ता, ज्यांच्या योगे ते घडते ती निरनिराळी करणे, त्यांच्या नानाविध चेष्टा, आणि पाचवे दैव. ही गणना करणाऱ्याने दैवाचे अस्तित्व नाकारलेले नाही. मनुष्याच्या हाती नसलेले काहीतरी प्रत्येक घटनेत शिल्लक राहते, हे त्याने प्रांजळपणे मान्य केले आहे. परंतु त्या शिलकी अंशाला त्याने यादीच्या अखेरीस बसवले, आणि त्याच्यापूर्वी चार कारणांचा हिशेब मांडला. आपल्या नित्याच्या व्यवहारात हा क्रम सर्रास उलटा होतो. घरात एखादी दुर्घटना घडते, शेजारीपाजारी जमतात, पोलिसांचा पंचनामा होतो, आणि पंचनाम्यावरची शाई वाळण्यापूर्वीच कोणीतरी वडीलधारे माणूस म्हणून जाते की, होणारे होते ते झाले, त्याला कोण काय करणार. शोकाकुल माणसाला धीर देण्याच्या हेतूने हे शब्द उच्चारलेले असतात, आणि त्या हेतूबद्दल आदरच बाळगावयास हवा. पण सांत्वन म्हणून आलेले हे वाक्य बघता बघता निवाडा होऊन बसते, आणि मग पहिल्या चार कारणांची चौकशी करणे हा जणू मृताच्या स्मृतीशी केलेला निर्दयपणा ठरतो. दैवाचे नाव घेण्याचा अधिकार मनुष्याला केव्हा प्राप्त होतो, हा प्रश्न म्हणूनच पंडितांच्या वादापुरता राहत नाही. तो प्रत्येक गृहस्थाचा आहे, आणि त्याचा विचार मी येथे गृहस्थाच्याच घरातील एका लहानशा वस्तूच्या आधारे करू इच्छितो.

ती वस्तू म्हणजे न्हाणीघरातील गीझरचा सेफ्टी व्हॉल्व्ह. वाजवीपेक्षा अधिक झालेला दाब बाहेर सोडणारी झडप. अंगठ्याएवढी, बहुधा पितळेची, गार पाणी आत येते त्या नळीपाशी बसवलेली, आणि बाजूला एक बारीकशी दांडी असलेली ही झडप आपल्या घरात आहे याचीच पुष्कळ कुटुंबांना दाद नसते. दैव आणि पुरुषार्थ यांच्या चर्चेत महापूर, दुष्काळ, युद्ध अशी भव्य उदाहरणे घेण्याची प्रथा आहे. पण अशा प्रसंगांत एका माणसाचा वाटा इतका सूक्ष्म असतो की त्यांच्या आधारे ज्याला जे हवे ते सिद्ध करता येते. न्हाणीघर चार भिंतींचे आहे. तेथे कर्ता कोण आणि करण कोणते याविषयी संदिग्धता राहत नाही, आणि म्हणून दैवाची सीमा कोठून सुरू होते हे तेथे अधिक नेमकेपणाने पाहता येते.

आपल्या आजोबा-पणजोबांच्या घरात हा प्रश्न उद्भवलाच नव्हता. तेथे तांब्याचा बंब असे : मधोमध उभी नळी, तिच्यात कोळसे किंवा लाकडाच्या ढलप्या, भोवती पाणी, वर पाणी ओतण्याचे तोंड आणि खाली तोटी. ते तोंड उघडे असल्यामुळे बंबातील दाब बाहेरच्या हवेच्या दाबापलीकडे कधी जात नसे. विस्तव विसरला गेला तर पाणी खळखळून उकळे, न्हाणी वाफेने भरून जाई, आणि फारच दुर्लक्ष झाले तर पाणी आटून डाखाचे सांधे सुटत व बंब गळू लागे. याहून मोठा अनर्थ करण्याची शक्तीच त्या भांड्यात नव्हती. मनुष्याच्या विस्मरणाला बंबाच्या घडणीतच क्षमा होती. गीझरने आपल्याला धुरापासून, काजळीपासून आणि पहाटे उठून विस्तव पेटवण्याच्या कष्टापासून, विशेषतः घरातील स्त्रियांना त्या कष्टापासून, सोडवले, आणि हे उपकार लहान नाहीत. परंतु त्याने भांड्याचे तोंड बंद केले. तोंड बंद झाले त्या दिवशी एक नवे कर्तव्य जन्माला आले, आणि त्या कर्तव्याची वर्दी मात्र फार थोड्या घरांत पोचली.

बंद भांड्यात काय घडते ते पाहावे. पाणी २० अंश सेल्सिअसपासून ६० अंशांपर्यंत तापले की त्याचे आकारमान सुमारे दीड टक्क्याने वाढते. म्हणजे १५ लिटरच्या टाकीत जवळजवळ पाव लिटर पाणी नव्याने जागा मागू लागते. पाणी दाबले जात नाही. गच्चीवरच्या टाकीकडे परत जाण्याची वाट खुली असेल तर ते तिकडे सरकते. पण वाटेत पाणी उलट जाऊ न देणारी झडप असेल, किंवा कोणी गीझरचा कॉक बंद करून ठेवला असेल, तर त्या पाव लिटरला सेफ्टी व्हॉल्व्हखेरीज दुसरी वाट उरत नाही. ही झाली रोजची गोष्ट. खरे संकट निराळे आहे. २,००० वॉटची कांडी १५ लिटर पाणी २५ अंशांवरून ६० अंशांवर सुमारे अठरा-वीस मिनिटांत नेते, आणि तेथे थर्मोस्टॅट वीज तोडतो. त्याचे संपर्क चिकटून बसले आणि त्याच्या पाठीशी असलेला कटआउटही निकामी झाला, तर तीच कांडी चाळीस-पंचेचाळीस मिनिटांत पाणी १०० अंशांवर नेईल. आणि बंद भांड्यात दाब वाढत असल्यामुळे पाणी तेथे न थांबता, तासाभराहून थोड्या अधिक वेळात १५० अंशांपर्यंत जाईल. त्या क्षणी टाकीचा पत्रा फाटला तर दाब एकाएकी नाहीसा होतो, आणि उकळण्याची संधी न मिळालेल्या त्या पाण्याचा सुमारे दहावा हिस्सा तत्क्षणी वाफ होतो. १५ लिटरांतून निघालेली ती वाफ दोन हजार लिटरांहून अधिक जागा मागते, आणि ती जागा तिला भिंती व दार यांच्याकडून हिसकावून घ्यावी लागते. थर्मोस्टॅट, कटआउट आणि झडप अशा तीन पहारेकऱ्यांपैकी झडप ही शेवटची. तिला वीज लागत नाही, तिला कोणाचा हुकूम लागत नाही, स्प्रिंगवरचा भार आणि पाण्याचा रेटा यांच्या तुलनेवर ती उघडते आणि मिटते.

आता गीतेतील पाच कारणे या न्हाणीघरात आणून उभी करावीत. अधिष्ठान म्हणजे ती भिंत, ती टाकी, इमारतीतील पाण्याचा दाब आणि बोअरवेलचे किंवा टँकरचे क्षारयुक्त पाणी. करणे म्हणजे थर्मोस्टॅट, कटआउट आणि झडप. चेष्टा म्हणजे त्यांच्यावर केलेल्या आणि न केलेल्या सर्व क्रिया. कर्ता कोण, हे ठरवताना मात्र आपली बुद्धी चाचरते, आणि तेथेच एक प्रसंग जवळून पाहावा लागतो. झडपेतून थेंब गळू लागतात. पाणी तापत असताना चार थेंब येणे हा तिचा धर्मच आहे, कारण तो वर सांगितलेला पाव लिटरचा हिस्सा. पण गीझर बंद असतानाही थेंब थांबत नाहीत तेव्हा झडपेच्या बैठकीत क्षार अडकलेला असतो, स्प्रिंग थकलेली असते, किंवा पंपामुळे इमारतीतील दाबच फाजील वाढलेला असतो. फरशीला ओल येते, खालच्या मजल्यावरून तक्रार येते, प्लंबरला बोलावणे जाते. "काका, सारखं गळतंय ना? डमी मारून देतो, दहा मिनिटांचं काम आहे," असे तो म्हणतो, आणि काका मान डोलावतात. टेफ्लॉनच्या पट्टीचे दोन वेढे देऊन पितळी डमी, म्हणजे तोंड बंद करणारे बूच, झडपेच्या तोंडात पान्याने पिळली जाते, फरशी कोरडी होते, प्लंबर आपली मजुरी घेऊन जातो, आणि घरात सर्वांना काम चोख झाल्याचे समाधान लाभते. पहिली चारही कारणे त्या दहा मिनिटांत पुरी झालेली असतात. दैवाने अजून त्या घराचा उंबरा ओलांडलेला नाही.

या प्रसंगात मोह आहे, आणि तो मोह आजचा नाही. १६७९ साली देनी पापँ या फ्रेंच शास्त्रज्ञाने, बंद भांड्यात वाफेच्या दाबाखाली हाडे मऊ शिजवण्याचे यंत्र लंडनमध्ये सिद्ध केले, आणि भांडे फुटू नये म्हणून त्याच्या झाकणातील छिद्रावर वजन टांगलेल्या दांडीची झडप बसवली. आपल्या स्वयंपाकघरातील प्रेशर कुकर याच कुळातला. कुकरची शिटी दिवसातून चार वेळा वाजते. ती वाजली नाही तर घरातील बाई ताबडतोब गॅस बंद करते, म्हणून तिच्याकडे दुर्लक्ष होत नाही. गीझरची झडप मात्र वर्षानुवर्षे मुकी असते, आणि जे मुके असते ते निरुपयोगी वाटू लागते. जे क्वचित बोलते ते उपद्रवी वाटू लागते. ८ सप्टेंबर १८०३ रोजी लंडननजीक ग्रिनिच येथे रिचर्ड ट्रेव्हिथिक या अभियंत्याचे पाणी उपसणारे वाफेचे यंत्र फुटले आणि चार माणसे मेली. यंत्र सांभाळणारा मुलगा झडपेची दांडी जखडून ठेवून वाम मासे पकडावयास गेला होता, असे ट्रेव्हिथिकचे म्हणणे होते. १७ जून १८३१ रोजी अमेरिकेतील दक्षिण कॅरोलिना प्रांतात 'बेस्ट फ्रेंड ऑफ चार्ल्सटन' हे आगगाडीचे इंजिन फुटले. झडपेतून सुटणाऱ्या वाफेचा फूत्कार असह्य होऊन तेथल्या आगवाल्याने तिची दांडी दाबून धरली होती, असे सांगितले जाते, आणि तो स्वतःच त्या स्फोटात गेला. तो आगवाला गुलाम होता. ज्याला झडपेचे प्रयोजन कोणी समजावून सांगितले नाही, ज्याला ते काम नाकारण्याची मोकळीक नव्हती, त्याच्या माथी सर्व कसूर मारून त्याच्या मालकांनी आपले कर्तेपण झटकावे, हे कोणत्याही न्यायबुद्धीला पटणारे नाही. कर्ता म्हणजे केवळ ज्याचा हात लागला तो, एवढाच अर्थ घेतला तर प्रत्येक घरात प्लंबर दोषी आणि घरमालक निर्दोष ठरेल. परंतु ज्याच्या संमतीने हात चालतो आणि ज्याच्या अज्ञानाने हात मोकळा राहतो, तोही कर्ताच.

ट्रेव्हिथिकने पुढे जे केले ते या दृष्टीने मननीय आहे. आपल्या यंत्रांवर त्याने एकीच्या जागी दोन झडपा बसवण्यास आरंभ केला, त्यांपैकी एक चालवणाऱ्याच्या हाताला लागणार नाही अशी ठेवली, आणि पाणी कमी होऊन धातू फाजील तापलाच तर वितळून वाट मोकळी करणारे शिशाचे बूच योजले. मनुष्य कंटाळणार, विसरणार आणि मोहात पडणार हे गृहीत धरून त्याने करणांची रचना बदलली. दैवाला दोष देऊन तो स्वस्थ बसला असता तर पुढच्या ग्रिनिचची तयारी तेथल्या तेथे झाली असती.

राज्यसंस्थेनेही हा धडा दुःखातूनच घेतला. १८६३ साली कलकत्त्यात बाष्पकाचा मोठा स्फोट होऊन अनेक माणसे दगावली, तेव्हा १८६४ साली बंगाल इलाख्यात बाष्पकांच्या तपासणीचा कायदा झाला. पुढे १९२३ साली सर्व देशासाठी भारतीय बाष्पक कायदा आला, आणि २०२५ साली त्याची जागा नव्या कायद्याने घेतली. गिरणीतल्या आणि कारखान्यातल्या बाष्पकाला या अंमलाखाली नोंदणी लागते, मुदतीची तपासणी लागते, तपासनिसाचा दाखला लागतो. पण १९२३ च्या कायद्यात पुढे झालेल्या दुरुस्तीने २५ लिटरांहून लहान भांडी आणि ज्यांत पाणी १०० अंशांच्या खाली तापवले जाते अशी भांडी व्याख्येतून वगळली. प्रत्येक घराच्या न्हाणीत सरकारी तपासनीस पाठवणे शक्य नाही आणि इष्टही नाही, म्हणून ही तजवीज योग्यच होती. तथापि 'पाणी १०० अंशांच्या खाली' हे विधान थर्मोस्टॅट आज्ञेत आहे तोपर्यंतच खरे असते, हे विसरता येत नाही. जेथे कायदा थांबतो तेथून पुढचा मुलूख कोणाच्या अंमलाखाली येतो? माझे उत्तर असे की, तो गृहस्थधर्माच्या अंमलाखाली येतो.

गृहस्थधर्माच्या आपल्या कल्पनेत या प्रश्नाला थेट भिडणारे एक सूत्र आहे, आणि त्याची आठवण आज फार थोड्यांना असते. धर्मशास्त्रात प्रत्येक घरात पाच हिंसास्थाने सांगितली आहेत, त्यांना पंचसूना म्हणतात : चूल, पाटा, केरसुणी, उखळ आणि पाण्याचा घडा. या पाच साधनांखेरीज संसार चालत नाही, आणि ही पाचही वापरताना मनात कोणताही दुष्ट हेतू नसता गृहस्थाकडून जीवांना इजा होते. आजच्या वाचकाला किडामुंगीची ही चिंता अतिरेकी वाटेल. पण तिच्या मुळाशी असलेला विचार फार प्रौढ आहे. माझ्या सोयीच्या साधनामुळे जे नुकसान संभवते त्याचा भार माझ्यावर आहे. माझा हेतू शुद्ध होता एवढ्याने तो उतरत नाही. आणि तो उतरवण्यासाठी मला दररोज काहीतरी करावे लागते. म्हणूनच या पाच दोषांच्या परिहारार्थ पाच महायज्ञांचे नित्यकर्म गृहस्थाला लावून दिले. दोष झाल्यावर प्रायश्चित्त घ्या, एवढेच सांगून शास्त्रकार थांबले नाहीत. दोष संभवतो म्हणूनच कर्तव्य नित्य आहे, असे त्यांनी ठरवले. चूल आणि पाण्याचा घडा ही दोन्ही स्थाने ज्यात एकवटली आहेत असा गीझर त्यांनी पाहिला असता, तर त्याला या यादीत जागा दिल्याशिवाय ते राहिले नसते असे मला निश्चितपणे वाटते.

कर्मविपाकाचा सिद्धांत मानणारे येथे एक आक्षेप घेतील, आणि तो टाळून पुढे जाणे योग्य होणार नाही. प्रत्येक जीव आपापले प्रारब्ध भोगतो. ज्याला जे भोगावयाचे ते तो भोगणारच. मग झडप हे निमित्त झाले काय किंवा दुसरे काही झाले काय? या युक्तिवादाची कसोटी एका घटनेवर लावून पाहावी. १९ जानेवारी १९८२ रोजी अमेरिकेतील ओक्लाहोमा राज्यात, स्पेन्सर या गावी स्टार एलिमेंटरी नावाच्या शाळेत, मुले जेवावयास बसलेली असताना भोजनगृहालगतची पाणी तापवणारी मोठी टाकी फाजील तापून फुटली. तिच्यावरच्या सुरक्षेच्या योजनांनी ऐन वेळी काम दिले नाही. आणि सहा मुले व एक शिक्षक अशी सात माणसे मृत्युमुखी पडली. त्या मुलांनी थर्मोस्टॅट पाहिला नव्हता, झडप पाहिली नव्हती, कोणत्याही हलगर्जीपणाला संमती दिली नव्हती. अशा मुलांच्या मृत्यूपाशी उभे राहून 'हे त्यांचे प्रारब्ध' असे म्हणणे म्हणजे ज्यांच्यावर त्यांना सुरक्षित ठेवण्याची जबाबदारी होती त्यांच्या कर्माचा बोजा मृतांच्या खात्यावर चढवणे होय. प्रारब्धाच्या विचारात एक सामर्थ्य आहे, ते मी नाकारीत नाही : माझ्यावर दुःख कोसळले असता, जगाला शिव्याशाप न देता ते सोसण्याचे बळ तो मला देतो. पण तो आधार माणसाने स्वतःच्या दुःखापुरता घ्यावा. दुसऱ्याच्या दुःखाची कैफियत म्हणून तो पुढे केला, की त्याच क्षणी धर्मविचाराचे रूपांतर पळवाटेत होते. शिवाय योगवासिष्ठासारख्या ग्रंथानेच दैव म्हणजे पूर्वी केलेला पुरुषार्थ अशी त्याची फोड करून, मागचा पुरुषार्थ आणि आजचा पुरुषार्थ यांची दोन एडक्यांसारखी झुंज लागते व जो बलवान तो जिंकतो, असे म्हटले आहे. काल बसवलेली डमी हे आजचे दैव. ती आज काढून टाकणे हा आजचा पुरुषार्थ.

दुसरा आक्षेप भक्तिमार्गी माणसाकडून येतो. तो म्हणतो, इतकी खबरदारी घेणे म्हणजे देहाची आसक्ती आणि ईश्वरावरचा अविश्वास होय. या बोलण्यामागची श्रद्धा प्रामाणिक असते. परंतु झडप तपासण्याच्या कृतीचे स्वरूप नीट पाहिले तर आक्षेप उलट दिशेने फिरतो. ज्या गृहस्थाने दरसाल झडपेची दांडी उचलून पाहिली, क्षार साफ करविले, थकलेली झडप बदलली, त्याला मिळाले काय? न्हाणीघर काल होते तसेच आज आहे. कोणी त्याचे आभार मानले नाहीत, कोणी त्याचे नाव घेतले नाही, आणि त्याने कोणाला वाचवले हे त्याला स्वतःलाही कधी कळणार नाही, कारण त्याच्या कर्माचे फळ म्हणजे न घडलेली एक घटना. दानाचे फळ घेणाऱ्याच्या चेहऱ्यावर दिसते, विद्येचे फळ शिष्यात दिसते, शेतीचे फळ खळ्यात दिसते. खबरदारीचे फळ कोठेच दिसत नाही. फलाशा सोडून कर्म करा, हा उपदेश ऐकताना सामान्य माणसाला असे वाटते की, अशा कर्माचा प्रत्यय यावयास संन्यस्त वृत्ती, रणभूमी किंवा असामान्य प्रसंग हवा. वास्तविक तो प्रत्यय रविवारी सकाळी स्टुलावर चढून येण्यासारखा आहे. मंडालेच्या तुरुंगात लिहिलेल्या आणि १९१५ साली प्रसिद्ध झालेल्या 'गीतारहस्या'त लोकमान्यांनी ज्ञानी पुरुषानेही लोकसंग्रहार्थ कर्म करीत राहावे हे प्रतिपादन केले. तो लोकसंग्रह राष्ट्राच्या विशाल पटावर जितका खरा, तितकाच चार माणसे आणि एक कामवाली बाई ज्या न्हाणीघरात जातात तेथेही खरा. आणि आसक्तीविषयी म्हणावयाचे तर, ज्या झडपेमुळे कदाचित आपल्या पश्चात त्या घरात राहावयास येणाऱ्या भाडेकरूचे मूल सुरक्षित राहील, तिची निगा राखण्यात स्वतःच्या देहाची आसक्ती कोठे आली?

हे कर्तव्य बजावावे कसे, हेही सांगणे माझ्यावर बंधनकारक आहे, कारण ज्या धर्मविचाराला कृतीचे हातपाय नाहीत तो ऐकण्यापुरताच गोड असतो. प्रथम गीझरची वीज मुख्य बटणापाशी बंद करून पाणी निवू द्यावे. नंतर झडपेची दांडी हळूच उचलावी : आतून पाण्याची चिळकांडी जोराने बाहेर पडली पाहिजे, आणि दांडी सोडताच ती थांबली पाहिजे. दांडी हललीच नाही, पाणी आलेच नाही, किंवा आलेले पाणी थांबेना, तर ती झडप निकामी समजून जाणत्या कारागिराकडून त्याच क्षमतेची नवी बसवून घ्यावी. बहुमजली इमारतींसाठीच्या गीझरवर दाबाचा आकडा, बहुधा ८ बार, छापलेला असतो, त्याहून अधिक भार सोसणारी झडप बसवू नये. झडपेच्या तोंडाला नळी जोडलेली असेल तर ती खाली उतरत गेलेली, शेवटी उघडी, आणि पाणी पडताना नजरेस येईल अशी असावी. तिच्यावर तोटी नसावी आणि तिच्या तोंडात डमी नसावी. गीझर चालू असताना गार पाण्याचा कॉक बंद राहू नये. पाणी खारे असेल तेथे टाकी उघडून कांडीवरची आणि तळाची खपली दरसाल काढावी, आणि गंजापासून टाकीला वाचवण्यासाठी स्वतः झिजत जाणारा मॅग्नेशियमचा दांडा त्याच वेळी पाहून घ्यावा. गीझरवरचा दिवा कितीही वेळ गेला तरी विझत नाही, आत खदखदण्याचा आवाज येतो, नळातून पाण्याऐवजी वाफ फुसफुसते, असे झाले तर गीझरपाशी न जाता घराच्या मुख्य बटणावरून वीज तोडावी, घरच्यांना त्या खोलीपासून दूर ठेवावे, आणि सर्व पूर्णपणे निवेपर्यंत काहीही उघडण्याच्या भरीस पडू नये.

इतके सर्व केल्यावरही दैव उरते. कारखान्यातून निघतानाच एखाद्या स्प्रिंगमध्ये केसाएवढी भेग असू शकते. तपासणी आणि बिघाड यांच्यामधल्या आठवड्यात काय होईल ते कोणाला सांगता येत नाही. या उरलेल्या अंशापुढे माणसाने नम्रपणे हात जोडावेत, आणि त्यात कमीपणा मुळीच नाही. किंबहुना ज्याने पहिली चार कारणे आपल्या परीने निस्तरली आहेत, त्याच्याच तोंडी दैवाचे नाव शोभते. त्याच्याच शोकाला त्या नावात खरा विसावा मिळतो, कारण त्याच्या मनाच्या तळाशी टोचणी शिल्लक नसते. बाकीच्यांनी ते नाव घेणे म्हणजे चार हप्ते थकवून पाचव्याची पावती मागणे होय.

तथापि ज्या कर्माचे फळ दिसत नाही त्याची आठवण राहत नाही, हा मनुष्यस्वभाव आहे, आणि त्याच्यावर केवळ उपदेशाने मात करता येईल असे मला वाटत नाही. आपल्या पूर्वजांना हे ठाऊक होते. म्हणून त्यांनी विसरली जाणारी कर्तव्ये तिथीला बांधून टाकली. कोकणात आणि गोव्यात नरकचतुर्दशीच्या आदल्या दिवशी न्हाणी घासून स्वच्छ करण्याची, पाणी तापवण्याचे तांब्याचे भांडे लख्ख करून त्याला कारिटाचा वेल गुंडाळण्याची चाल आहे. दुसऱ्या पहाटेच्या अभ्यंगस्नानापूर्वी त्या भांड्याकडे घरातल्या माणसांची नजर एकदा नीट वळावी, त्याचे सांधे, त्याचा तळ, त्याची तोटी हाताखालून जावी, हा त्या चालीतील व्यावहारिक लाभ होता, आणि तो धार्मिक भावनेला जराही बाधक नव्हता. बंब गेला म्हणून ही चाल अर्थशून्य झाली असे समजून आपण ती सोडली, किंवा गीझरला हळदकुंकवाचे बोट लावून ती निभावून नेली. तिचा अर्थ पूर्वीपेक्षा आज अधिक आहे, कारण उघड्या तोंडाच्या भांड्यापेक्षा बंद तोंडाच्या भांड्याला आपल्या नजरेची गरज जास्त आहे. थंडीचे दिवस तोंडावर आलेले असतात, गीझरचा वापर वाढणार असतो, घरातील सर्व माणसे एकत्र असतात. झडपेची दांडी उचलून पाहण्यास याहून योग्य दिवस वर्षात दुसरा नाही. घरातील कर्त्या माणसाने ती दांडी स्वतः उचलावी, मुलांना शेजारी उभे करून ती कशासाठी आहे हे सांगावे, आणि मगच कारिटाचा वेल बांधावा. ज्या समाजात असे विधी रूढ होतात त्या समाजात दैवाकडे बोट दाखवण्याचे प्रसंग हळूहळू कमी होत जातात, आणि धर्माने माणसाकडून एवढीच अपेक्षा ठेवली आहे की, आपल्या हातातले काम त्याने परमेश्वराच्या स्वाधीन करू नये.